पाट, पाणी, पेटी : भुरका आधी की गाणं?

(जेवण आणि गाणं एकत्र आलं की होणाऱ्या अडचणींवर शुक्रवार पेठेतल्या आक्कांची उत्तरं)

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं, की आमच्या खानावळीत महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी ताटं मांडून झाली की पेटी निघते, आणि परदेशात असल्या जागेला सपर क्लब म्हणतात. (बुधवारच का? शनिवार मारुतीचा, निम्मं कोल्हापूर त्या दिवशी मटणाकडं बघत नाही. रविवारी घरोघरी शिजतं, मग बाहेर कोण येतंय?) त्यावर १९ पत्रं आली. त्यातली ११ पांढऱ्या रश्श्याची. रश्श्याचं एक शेवटी घेतलंय, बाकीच्या दहाजणांनी तेच वाचावं.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी ३० वर्षं मेळ्यांत, ऑर्केस्ट्रात आणि लावणीच्या बैठकीत पेटी वाजवली. बोटं आखडायला लागली तशी वहिनीच्या खानावळीत गल्ल्यावर बसले. एका पंगतीला आमच्याकडं ३८ पानं उठतात. सल्ला ह्या दोन अनुभवांवर देते, तिसरा माझ्याकडं नाही.

आक्का, मुलगा लंडनला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. त्यानं तिथल्या एका सपर क्लबातल्या 'अल्टरनेटिव्ह कॅबरे फेस्टिव्हल'ची तिकिटं काढून ठेवलीत. तळघरातली ६० खुर्च्यांची जागा, जेवता जेवता बघायचं. ह्यांनी 'कॅबरे' शब्द ऐकला आणि म्हणाले, "पोरगं आईबापाला कुठं न्यायला निघालंय?" जावं का? — एक आई, उचगाव

ताई, जावा. आणि ह्यांना पुढच्या टेबलावर बसवा.

ह्यांचा दोष नाही. आपल्या वयाच्या माणसानं कॅबरे बघितला तो पडद्यावर. पिसांचा टोप घालून हेलन जिना उतरणार, व्हिलन सिगार पेटवणार. पद्मा टॉकीजला असलं गाणं लागलं की आई माझ्या डोळ्यांवर पदर धरायची. पदर मलमलीचा होता, त्यामुळं माझं काही बघायचं राहिलं नाही. हेलनबाईंच्या नाचाला माझा नमस्कारच आहे, पण त्यांनी तो शब्द असा काही व्यापला की मूळ अर्थ आपल्यापर्यंत पोचलाच नाही. फ्रेंच लोकांचं कॅबरे म्हणजे बाकड्यावर बसून दोन घोट घ्यायचं साधं ठिकाण. १८८१ साली पॅरिसमध्ये, माँमार्त्रला, रोदोल्फ सालिस नावाच्या माणसानं 'शा न्वार', म्हणजे 'काळं मांजर', नावाची जागा काढली आणि तिथं कवी, चित्रकार, गाणारे रात्रीचे जमायला लागले. सालिस स्वतः मध्ये उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडवायचा. वेटरांच्या अंगात त्यानं फ्रेंच अकादमीच्या विद्वानांसारखे कोट चढवले होते. आपल्याकडं साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची शाल पांघरून कुणी ताक वाढत फिरावं, तसं. पुढं तिथं जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृत्यांचा छायाखेळ सुरू झाला. घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जा, ठाकर लोकांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागं तशाच हलताना दिसतील. फक्त तिथं गोष्ट रामायणाची.

'अल्टरनेटिव्ह' हे शेपूट मात्र लंडनचं. १९७९ मध्ये टोनी ॲलन, अलेक्सी सेल आणि त्यांच्या जोडीदारांनी 'अल्टरनेटिव्ह कॅबरे' नावाचा फड जमवला. त्या वेळचे तिथले विनोदवाले सासू, बाई आणि काळा माणूस ह्या तिघांवर पोट भरायचे. ह्या पोरांनी ते तिन्ही विषय बाजूला ठेवले, सरकारवर आणि स्वतःच्या फजितीवर बोलायला लागले. सासूला वगळून विनोद करणं आमच्या गल्लीत अजून कुणाला जमलेलं नाही.

मी असलं एकदाच बघितलंय, २०१८ च्या उन्हाळ्यात, भाच्यानं नेलं तेव्हा. तळघरच होतं. परातीएवढी गोल टेबलं, प्रत्येकावर एक मिणमिणता दिवा, आणि स्टेज आमच्या भाकरी थापायच्या ओट्यापेक्षा जरासं मोठं. पहिला गडी दाढीवाला, अंगात पायघोळ झगा. त्यानं आईच्या विणकामाच्या सुयांवर गाणं म्हटलं. निम्म्यापर्यंत लोक हसत होते, शेवटाला कुणी हसेना. मग एका बाईनं सुताराची करवत गुडघ्यांत धरून तिच्यावर सारंगीसारखा गज फिरवला. करवत रडली, खोटं सांगत नाही. मग एकजण आला, तो काही न बोलता अंगातले स्वेटर एकेक काढत राहिला. मी मोजले, ११ निघाले. बारावा डोक्यात अडकला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उठल्या आणि त्यांनी बाही धरून ओढला. त्या त्यांच्यातल्या नव्हत्या, गिऱ्हाईकच होत्या.

पण मी जास्त बघत होते वाढप्यांकडं. धंद्याची खोड. गाणं सुरू झालं की ती पोरं असतील तिथं थांबायची, हातातल्या ताटल्या हातात. टाळ्या पडल्या की निघायची. दोन तासांत एक चमचा वाजला नाही. आपल्या देवल क्लबात गाण्याच्या बैठकीला उशिरा आलेला माणूस दाराशी चपला हातात घेऊन समेची वाट बघत उभा राहायचा, तो मला तिथं आठवला.

तर जेवण आधीच मागवून ठेवा, आणि सूप नको. भुरका मारल्याशिवाय ह्यांना सूप संपवता येत नसणार. कलाकार टेबलापाशी येऊन ह्यांना नाव विचारणार, विचारतातच. तेव्हा मान खाली घालायची नाही. खणखणीत सांगायचं, उचगावसकट.

आक्का, राजारामपुरीत आत्याच्या खानावळीचा वरचा हॉल आहे, ४५ खुर्च्या बसतात. केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून आमच्यासारख्या बारक्या ग्रुपला जागाच मिळेना. तीन रात्रींचा फेस्टिव्हल करावा म्हणतोय. स्टँडअप, लावणी, कविता, जादू, सगळं जेवणासकट. परवानग्या काय लागतील? तिकीट किती ठेवू? — तिघं मित्र, राजारामपुरी

भावांनो, ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र आठवली की अजून घशात धूर येतो. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ पासून उभं होतं, आणि गेलं ते केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. तिथं विंगेत बसून पेटी वाजवताना माझ्या डाव्या कोपराला कायम खिळा लागायचा. तो खिळाही गेला असेल. तुम्ही बारकी जागा शोधताय हे योग्यच आहे. पण तिचं बारकं थिएटर करायला जाऊ नका. ती खानावळच राहू दे.

४५ खुर्च्या नकोत, ३६ ठेवा. ४५ बसवल्या की वाढप्याला वाट उरत नाही, मग तो गाणाऱ्याच्या तोंडापुढून जातो. कलाकार आणि पहिलं टेबल ह्यांच्यात चार हात जागा. जास्त झाली की व्याख्यानमाला होते, कमी झाली की तांबडा रस्सा साडीवर.

आणि जेवणावर गाणं ठेवायचं नाही, जेवणाच्या मध्ये ठेवायचं. सातला दार उघडा. खर्डा-भाकरी आणि वाटीभर सुक्कं, एवढ्यावर माणसं निवतात. साडेसातला पहिला भाग, ४० मिनिटं. मग ताट, तांबडा-पांढरा, सगळं. नऊला दुसरा भाग, पावणेदहाला शेवट. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. बंदिस्त सभागृहाला कायद्यात सूट आहे, पण ज्या हॉलच्या सहा खिडक्या उघड्या आहेत त्याला शेजारचे काका बंदिस्त मानणार नाहीत.

भटारखाना बंद ठेवायचा म्हणजे खरोखर बंद. आमच्या दुसऱ्याच बुधवारी एक बाई बैठकीची लावणी गात होत्या, 'सख्या'वर जागा घेतली, आणि आत कुणीतरी वाटणाला मिक्सर लावला. बाईंनी पेटीवर हात ठेवून मला थांबवलं. भटारखान्याच्या दाराकडं बघून म्हणाल्या, "वाटण झालं की सांगा, मी आहे." त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

कवितेची धास्ती घेऊ नका. १९१६ च्या फेब्रुवारीत, महायुद्ध पेटलेलं असताना, झुरिचमधल्या एका गल्लीत ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स ह्या जोडप्यानं 'कॅबरे व्होल्तेर' काढलं. तिथं बाल पुठ्ठ्याचा पोशाख घालून उभा राहिला. पोशाख इतका ताठ की चालता येईना, त्याला उचलून स्टेजवर ठेवावं लागलं. मग त्यानं कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांची कविता म्हटली. लोक म्हणतात वेडेपणा होता. असेल. पण आपल्याकडं तराणा ऐकताना 'तोम्, दिर् दिर्'चा अर्थ कोण विचारतंय? आणि जादूवाल्याऐवजी कागल-राधानगरीकडच्या एखाद्या सोंगी भजनी मंडळातला सोंगाड्या आणा. जत्रेत हजार माणसं हलवणारा गडी ३६ माणसांपुढं काय करतो ते तुम्हीही एकदा बघा.

परवाने. पोलिसांकडं कार्यक्रमाचा परवाना. नाट्यप्रवेश किंवा लिहिलेली संहिता असेल तर ती आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं. आत्याचं अन्नसुरक्षेचं लायसन्स भिंतीवर आहे का, त्याची तारीख उलटलेली नाही ना, ते बघा. रेकॉर्डवरची गाणी वाजवणार असाल तर त्याचं लायसन्स वेगळं. दारू नाही असं मी धरून चालते. असली तर उत्पादन शुल्क खात्याची पायरी चढा. सगळं महिनाभर आधी, आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची. हेलपाट्यांचा वैताग आला तर न्यू यॉर्कच्या वाजवणाऱ्यांना आठवा. १९४० ते १९६७ तिथं दारू मिळणाऱ्या जागी वाजवायला पोलिसांनी दिलेलं कॅबरे कार्ड लागायचं. थेलोनिअस मंकसारख्या पियानोवाल्याचं कार्ड १९५१ मध्ये काढून घेतलं आणि सहा वर्षं त्याला शहरातल्या क्लबांची दारं बंद झाली. बिली हॉलिडे ह्या गाणारीचंही गेलं. तिनं सरळ कार्नेगी हॉल भरवला, कारण तिथं दारू नव्हती, म्हणून कार्डही नव्हतं. तुम्हाला शाहू स्मारकाचं सभागृह आहे.

तिकीट ९०० रुपये. ३६ माणसांचे ३२,४०० होतात. जेवण पानामागं ३५० धरा, १२,६०० गेले. एका रात्री तीन कलाकार, प्रत्येकी ५,०००, हे कमी करायचं नाही. माईक आणि दोन दिवे, २,५००. उरले २,३००. त्यातून आत्याला साडी घ्या. पास मागणारे येतील, 'आपलाच माणूस आहे' म्हणत. आपल्या माणसाला पाणी फुकट.

मी २२ वर्षं संगीत बारीत काढली. आता पाय साथ देत नाहीत, बसून गाते. एका मोठ्या हॉटेलानं 'डिनर शो'ला बोलावलंय. टेबलाटेबलांतून फिरत गायचं म्हणतात. अटी काय घालाव्यात? — एक कलावंत (गाव लिहू नका म्हणाल्यात)

बाई, 'घालाव्यात' असं विचारलंत, 'घालू का' असं नाही. माझं निम्मं काम झालं.

टेबलांतून फिरायचं नाही. बैठकीच्या लावणीत गाणारी बसते आणि बघणारा तिच्याकडं वळतो. यमुनाबाई वाईकर बसल्या जागी एक ओळ अशी अदा करायच्या की तीच ओळ दुसऱ्यांदा घेतली की वेगळी बाई बोलतेय असं वाटावं. हे चालत-फिरत, खुर्च्यांचे पाय चुकवत होत नाही. साथीदारानं तरी काय करायचं? पेटी गळ्यात अडकवून मागं मागं फिरायचं?

मी हे भोगलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात मी साथीला होते. बालेघाटी चालली होती, विरहाची. बाई 'किती वाट पाहू' म्हणून थांबल्या, आणि त्या थांबण्यात वेटर म्हणाला, "पनीर टिक्का, सर?" पुढच्याच टेबलावरून ५०० ची नोट आली. टूथपिकला टोचून. तिच्यावर आधीचा कांद्याचा तुकडा तसाच होता. बाईंनी गाणं सोडलं नाही. नोट घेतली, कांदा काढला, नोट डग्ग्याखाली सरकवली आणि अंतरा उचलला. मी भाता थांबवला नाही. घरी आल्यावर मात्र पेटी उघडायला मला चार दिवस लागले.

तेव्हा गादी-तक्क्या मागा, जमिनीपासून हातभर उंच. मानधन सगळं आधी, कार्यक्रमानंतर 'मॅनेजर गेले' असतात. दौलतजादा, म्हणजे गाण्यावर खूष होऊन दिलेले पैसे, चालणार की नाही हे तुम्ही ठरवायचं, त्यांनी नाही. चालणार असेल तर दाराशी थाळी ठेवायला सांगा, ज्याला द्यायचंय त्यानं जाताना टाकावं, हातात कुणी काही देणार नाही. तुमच्या गाण्याच्या वेळी एकही वेटर हलणार नाही हे लिहून घ्या, कागदावर. आतून कडी लागते अशी खोली हवी. जायला-यायला गाडी, आणि परतताना ढोलकीवाल्यालाही त्याच गाडीत घ्यायचं. ह्यातलं काही जमत नाही म्हणाले तर माझा निरोप द्या: आमच्याकडं दुसरा बुधवार मोकळा आहे, मानधन ५,०००, जेवण वर.

असल्या कार्यक्रमाला घालून काय जावं? — एक वाचक, साने गुरुजी वसाहत

रस्सा सांडला तर धुता येईल असं काहीही. करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल असेल तर ती बाहेर काढा, दादा. तुम्हाला तिचा अभिमान आहे, माहीत आहे. लघवीला उठाल तेव्हा तबल्यालाही कळेल.

जयसिंगपूरकडं आमचं गार्डन हॉटेल आहे. महिन्यातून एकदा जेवण आणि करमणूक ठेवतो. परवा एका पोरानं रस्त्यांच्या खड्ड्यांवर बतावणी केली. पुढच्या टेबलावर एक स्थानिक पुढारी सहकुटुंब होते, ते ताट टाकून उठले. माफी पोरानं मागावी की मी? — हॉटेलमालक

उठण्याआधी त्यांनी सुक्कं संपवलं होतं का, ते कळवलं नाहीत. त्यावरून रागाची खोली कळते.

माफी तुम्ही मागा, पण खड्ड्यांबद्दल नाही. पुढच्या टेबलावर बसवल्याबद्दल मागा. चूक तुमचीच आहे. पुढाऱ्याला दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला बसवायचं असतं. तिथून हसला तरी दिसत नाही आणि उठला तरी दिसत नाही. पुढं बसलेल्याला लोकांच्या देखत एक तर हसावं लागतं नाही तर उठावं लागतं. त्यांना तुम्ही मधली वाटच ठेवली नाहीत.

पोरगं माफी मागणार नाही. तमाशात गण झाला, गौळण झाली की बतावणी असायची. त्यात आपली टोपी उडणार हे पाटलाला माहीत असायचं, आणि तो सुपारी देऊन तीच ऐकायला बसायचा. टोपी उडाली नाही तर गावाला वाटायचं, पाटलाचं वजन कमी झालं. पॅरिसमध्ये आरिस्तीद ब्रुआँ नावाचा गाणारा त्याच्या जागेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक शेठला शिव्यांनी ओवाळायचा. शेठ पुढच्या आठवड्यात मित्रांना घेऊन यायचे.

हे सगळीकडं गोडीनं संपत नाही, तेही सांगते. बर्लिनमध्ये व्हेर्नर फिंक नावाच्या विनोदवाल्यानं १९२९ मध्ये सोबत्यांबरोबर 'काटाकोंब' नावाचं कॅबरे सुरू केलं. हिटलर आल्यावर प्रेक्षकांत गुप्त पोलीस वही घेऊन बसायला लागले. तर म्हणे फिंक त्यांना स्टेजवरूनच विचारायचा, "फार भरभर बोलतोय का? येताय ना माझ्याबरोबर? का मीच येऊ तुमच्याबरोबर?" १९३५ मध्ये त्यालाच जावं लागलं. जागा बंद, आणि तो एस्टरवेगनच्या छळछावणीत. तुमचे पुढारी नुसते ताटावरून उठले. त्यांच्या घरी डबा पाठवा, दोन्ही रश्श्यांसकट. आणि पोराला पुढच्या महिन्यात परत बोलवा. नाही बोलावलंत तर गाव समजेल ते समजेल.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्राच्या कॅफेत कार्यक्रम आहे, तिथं नऊवारी नेसून लावणी करणार म्हणतो. ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. मला काळजी, लोक काय म्हणतील? — एक आई, फुलेवाडी

नऊवारी नेसवणार कोण, ते आधी विचारा. मोबाईलवर बघून नेसणार असेल तर काळजी मलाही आहे. बारक्या जागेत पहिल्या टेबलापासून चार हातांवर तो गिरकी घेणार, काष्टा सुटला तर पळायला विंग नाही. तुम्ही स्वतः नेसवा. कमरेला आधी नाडी घट्ट, मग गाठ, पिना आतल्या बाजूनं. घुंगरं पाच-पाच किलोची भाड्यानं आणेल, घालू देऊ नका. सवय नसलेल्या घोट्याला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

ह्यांना सांगा, ज्या केशवरावांच्या नावानं आपलं नाट्यगृह आहे त्यांनी लहानपणी लुगडं नेसूनच नाव काढलं. बालगंधर्वांचा शालू बघून बायका तसे शालू घ्यायच्या. गौळणीतली मावशी मिशा काढून लुगडं नेसलेला बाप्याच असतो, आणि तिच्यावर सगळ्यात जोरात हसतात ते बाप्येच. शिवाय आपण कोल्हापूरची माणसं. आपल्या पोरी "मी जातो", "मी आलो" म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी डोळे मोठे केले तरी म्हणतात. माझी आजी ८० व्या वर्षी "मी जेवलो" म्हणायची. हे छापायला देताना मी 'बसले', 'गेले' लिहिते, पण बोलताना माझ्या तोंडात काय येतं ते माझ्या वहिनीला विचारा.

लोक काय म्हणतील? काष्टा बरा असला तर म्हणतील, "काष्टा बरा घातलाय." ह्यांना बोलायला लावू नका, नुसतं घेऊन जा. बसायला दाराजवळची खुर्ची द्या. मध्येच उठून गेले तर जाऊ दे. बाहेर थांबले असतील तर गाणं ऐकू येईल.

आक्का, ४० माणसांचा पांढरा रस्सा मध्यंतरापर्यंत गरम कसा ठेवायचा? आमचा दर वेळी फुटतो. — बचत गटाच्या भगिनी, कळंबा

फुटतो कारण तुम्ही उकळता. नारळाचं दूध पडल्यावर रस्सा उकळायचा नसतो, नुसता तापवायचा असतो. आणि कार्यक्रम लांबला की तुम्ही तो पुन्हा पुन्हा गॅसवर चढवता, हो ना?

दूध आधी घालूच नका. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, गाळून धगधगीत ठेवा. काजू, तीळ, खसखस, आलं-लसणाचं वाटण तुपात खड्या मसाल्यावर परता, तांबूस होऊ देऊ नका, ते अळणीत शिजवून ठेवा. ते हवं तेवढं उकळू दे, त्याला काही होत नाही. नारळाचं पहिलं दूध वेगळ्या पातेल्यात, ते पातेलं गरम पाण्यात बसवलेलं, कोमट. मध्यंतराआधीच्या गाण्याचा शेवटचा अंतरा लागला की गॅस बारीक करायचा, दूध धारेनं सोडायचं, ढवळत राहायचं. कडेला पहिला बुडबुडा दिसला की बंद. मीठ शेवटी.

आमच्याकडं हे काम सून करते. ती पळी घेऊन भटारखान्याच्या दारात उभी राहते, आणि शेवटचा अंतरा आला की मी पेटीवरून मान हलवते. मागच्या बुधवारी मी मान हलवली आणि गाणाऱ्या बाईंनी तोच अंतरा परत घेतला. लोक सोडेनात, मग तिसऱ्यांदा, मग चौथ्यांदा. सून दारात तशीच, एका हातात पळी, दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं, फडकं पोळायला लागलेलं. तिनं ओतलं नाही. चौथ्यांदा बाई समेवर आल्या, तेव्हा ओतलं.